पूजेतलं कुलूप

संपादकांचा निरोप आला, "कामावरच्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी सात वर्षं कारखान्यांत ब्रेकर बसवले आणि उतरवले. त्यातली शेवटची चार वर्षं कामाच्या जोडीने गेटवर उभं राहून पत्रकंही वाटली. गमती आहेत. एक सांगते, मग जे सांगायचंय ते सांगते. ज्यांना चकलीबरोबर गंमतच हवी असेल त्यांनी बार्शीपर्यंत वाचावं आणि पान उलटावं. राग नाही.

माझं वय एकतीस. या वयात आठवणी लिहिणं आगाऊपणाचं आहे, मान्य. पण माझं ते काम आता संपलंय आणि ते का संपलं हेच लिहायचंय.

आधी ब्रेकर म्हणजे काय ते. तुमच्या घरात मीटरजवळ छोटी खटकी असते, गिझर आणि इस्त्री एकदम लावली की खाली पडते. कारखान्यात तिचीच थोरली भावंडं असतात. काही विटेएवढी, काही गोदरेजच्या कपाटाच्या खणाएवढी, उचलायला दोन माणसं लागतात. त्यांचं काम लाइन जोडायचं आणि तोडायचं, आणि भार जास्त झाला की कुणाला न विचारता स्वतः सुटायचं. वर्षानुवर्षं तापून तापून ती थकतात, मग उतरवून नवी बसवावी लागतात. हे उतरवणं-बसवणं म्हणजे माझं काम.

लोकांना वाटतं ब्रेकर बंद केला की लाइन बंद. नाही. त्याच्या पुढची लाइन बंद होते. त्याच्या मागे, पॅनलच्या लोखंडी कपाटाच्या पोटात, तांब्याच्या पट्ट्या असतात आणि त्या जिवंतच असतात. ज्या बोल्टांनी ब्रेकर त्या पट्ट्यांना आवळलेला असतो तेच बोल्ट आपल्याला सोडायचे असतात. म्हणून त्या पट्ट्यांना जिथून जिथून लाइन येते ती प्रत्येक वाट आधी तोडायची. ट्रान्सफॉर्मरची एक आणि जनरेटरची दुसरी. प्रत्येक वाटेला आपला दांडा असतो, तो खाली घेतला की ती वाट तुटते. तोडून भागत नाही, दोन्ही दांड्यांना कुलूप लावायचं, चावी आपल्या खिशात. मग टेस्टर घ्यायचा. तो आधी एखाद्या जिवंत ठिकाणी लावून बघायचा, मग आपल्या बोल्टवर, मग परत त्या जिवंत ठिकाणी. कारण मेलेला टेस्टर सगळ्यांनाच मेलेलं म्हणतो. एवढं झालं की पाना हातात घ्यायचा. कामाला अर्धा तास लागतो आणि या तयारीला वीस मिनिटं. जगातले सगळे साहेब ही वीस मिनिटं वाचवायला बघतात.

आता बार्शी. तिथल्या एका डाळ मिलमध्ये ब्रेकर रोज पडतो म्हणून बोलावणं आलं. जाऊन बघते तर मालकांनी ब्रेकरचा दांडा सुतळीने वर बांधून ठेवलेला, बैलाला दावं बांधावं तसा, पक्क्या गाठीने.

"हे काय केलंय?"

"सारकं पडतंय. म्हनून बांदलं."

"दांडा बांधला तरी आतून सुटतोच तो. मुद्दाम तसा बनवलेला असतो."

"म्हंजी पैशे मी मोजायचे आन माजं ऐकनार न्हाय?"

"तो मोटरचं ऐकतो. तुमच्या मोटरचं बेअरिंग जायला आलंय, ती जास्त ओढतेय. तेच बोंबलून सांगतोय."

"मग ह्यो बोंबलनारा काडा, आन मुका बसवा की."

म्हणजे दुप्पट ताकदीचा बसवा. मोटर जळेपर्यंत गप्प राहणारा. मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्या कंत्राटदाराला फोन लावला, "पुढच्या येळंला बाई धाडू नका, लई बोलती." पुढच्या वेळेलाही मीच गेले, कारण कंत्राटदाराकडे दुसरं कुणी मोकळं नव्हतं. तोवर बेअरिंग गेलं होतं आणि मोटरही. मालकांनी स्वतः चहा आणून दिला, बशीसकट, आणि मोटरबद्दल चकार शब्द काढला नाही.

इथवर गंमत.

आमच्या कंत्राटदाराकडे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची देखभाल होती. आठवड्यातले तीन दिवस मी तिथे. कारखान्याचा स्वतःचा वायरमन होता इरप्पा मामा. गाव दुधनी, घरात कानडी, कामावर मराठी, रागावला की दोन्ही. पंचावन्नच्या आसपासचा, धोतर नाही पण डोक्यावर पांढरी टोपी कायम. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा माझ्या हातातली फाइल बघून म्हणाला, "यव्वा, तू फारम भराया आलीस का पाना धराया?"

"दोन्हीला."

"मग आदी पाना धर. फारम मला बी भरता येतोय."

त्याने मला पाना धरायला शिकवला असं म्हटलं तर आयटीआयच्या सरांना वाईट वाटेल, पण खरं तेच आहे. बोल्ट शेवटच्या दोन आट्यांवर आला की डावा हात पाठीमागे ठेवायचा, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. एका हाताने शॉक बसला तर माणूस वाचण्याची आशा असते, दोन्ही हात गुंतले की छातीतून जातो. मामाला हे कारण सांगता येत नव्हतं. "मागं ठिव म्हन्लं की ठिवायचा," एवढंच.

आणि त्याची ती टोपी. वीस वर्षं मामाने त्या टोपीवर काम केलं होतं. ब्रेकर बंद केला की टोपी काढून त्याच्या दांड्यावर अडकवायची. सगळ्या कारखान्याला ठाऊक, टोपी दिसली की मामा आत हात घालून बसलाय. मालकसुद्धा त्या दांड्याकडे जायचे नाहीत. मी कुलपाची गोष्ट काढली तर म्हणाला, "मी काय चोराच्या घरात कामाला हाय व्हय? माजी टोपी हाय की."

"टोपी कुणीही उचलतो मामा."

"इरप्पाची टोपी उचलनारा अजून जल्माला यायचाय."

तो आला. दुसऱ्या पाळीत नवा लागलेला एक फिटर. त्याला वाटलं, म्हातारा टोपी विसरला. अदबीने उचलली, झटकली, खिळ्याला टांगली आणि दांड्याला हात घातला. मामा पॅनलच्या मागून ओरडला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी माझ्यापाशी येऊन म्हणाला, "आन तुजं ते कुलूप."

कुलूप आणायला मला सहा अर्ज लिहावे लागले. मेंटेनन्सचे घाडगे साहेब प्रत्येक अर्जावर "पाहू" लिहायचे. शेवटी दोन लाल कुलपं मिळाली, एक टेस्टर, हातमोज्यांचा एक जोड. मी म्हटलं, आणखी एक संच राहू द्या जादा. साहेब म्हणाले, "जादा कशाला? हरवणार आहात का?" सबंध कारखान्यात तेवढंच. दोन वाटांना दोन कुलपं, बरोब्बर, एकही जास्त नाही.

मग मी पत्रक काढलं. आमचा कामगारांचा छोटा गट आहे, पिवळ्या कागदावर अर्ध्या पानाची पत्रकं छापतो आणि पाळी सुटताना गेटवर वाटतो. शुक्रवार पेठेत माझ्या घरी अजून गठ्ठे पडलेत. त्या पत्रकाचा मथळा होता, "लाल कुलूप दिसलं की हात मागे." याचा मला अभिमान होता, लपवत नाही. मागावरची माणसं थट्टेने का होईना ते वाक्य म्हणायला लागली. कुणी जेवणाच्या डब्याला लाल चिंधी बांधायचा, म्हणे हात मागे, आत मटण आहे. वर्षभरात तिथल्या माणसांना इतकी सवय लागली की कुठलाही दांडा टाकण्याआधी नजर कुलपाकडे जायची. मामा टोपी फक्त डोक्यावर घालायला लागला.

आता खंडेनवमीचं सांगते.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. मागवाल्याची कात्री, सुताराचा रंधा, शिंप्याची सुई, जे हाताशी असेल ते पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. एकदा मांडलं की दसऱ्याला पूजा उतरवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हत्याराला विसावा. माझा या सगळ्यावर विश्वास नाही. नारळ फोडल्याने पॅनलला अक्कल येत नाही, असं मी दोन पत्रकांत लिहिलंय आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्यात. तरी त्या वर्षी मीच म्हटलं की कुलपं, टेस्टर आणि हातमोजे पूजेत मांडू या.

का? प्रचारकाची खोड. लोक ज्याला हात जोडतात त्याच्या शेजारी आपली वस्तू नेऊन ठेवायची. कुलूप साहेबांनी दिलेली कटकट आहे असं अजून काही जणांना वाटत होतं. ते पाटावर आलं की हत्यार होईल, पान्याच्या मानाचं होईल, असा माझा हिशोब. मामा तर खूशच झाला. "कुलपाची पूजा? लई ब्येस." घाडगे साहेबही म्हणाले, "छान कल्पना आहे. फोटो काढा, हेड ऑफिसला पाठवू." ज्यांना कुलपं द्यायला सहा अर्ज लागले त्यांना फोटोसाठी एकही लागला नाही.

त्या दिवशी कुलपं लागली तर काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. मी पण नाही. कारखाना बंदच राहणार होता. फक्त डाइंगमध्ये एक लॉट रंगात होता, तो दुपारपर्यंत उतरायचा होता. त्याच्यासाठी बॉयलर चालू आणि त्या विभागाचा ब्रेकर चालू.

सकाळी मागांच्या शेडमध्ये पूजा मांडली. माणसांच्या बायका, पोरं आलेली, नवे कपडे, झेंडूच्या माळा. मी पाटाभोवती रांगोळी काढली. मधोमध दोन लाल कुलपं, टेस्टर, हातमोजे एकावर एक ठेवून, बाजूला मामाचे पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, कात्र्या. साडेदहाला आरती झाली. मग मी फोन घेऊन फोटो काढायला बसले. मला पुढच्या पत्रकासाठी हवा होता, हेड ऑफिससाठी नाही. मालकीणबाईंना म्हटलं, कुलपाला हळदकुंकू लावताना थोडं थांबा, हात हलतोय.

तेव्हा मामा शेडच्या दारात येऊन उभा राहिला. मी बघितलं.

"काय मामा?"

त्याने पाटाकडे बघितलं, मालकीणबाईंकडे, माझ्याकडे. "काय न्हाय. चालू दे तुजं."

आणि गेला. तो कुलपं मागायला आला होता.

झालं असं होतं की डाइंगचा ब्रेकर पडला. मामाने चढवला, परत पडला. तिसऱ्यांदा दांडा वरच राहीना. आतून गेला होता. नवा स्टोअरला पडून होता, मी मागच्याच महिन्यात मागवून ठेवलेला. घाडगे साहेब डाइंगमध्येच होते. रंगात असलेला माल थांबला की कापडावर चट्टे पडतात, सगळा लॉट परत येतो. ते मामाला म्हणाले, "अर्ध्या तासात बदल. काय वाटेल ते कर." हे वाक्य मी चौकशीत लिहून दिलंय, साहेब म्हणतात ते असं बोललेच नाहीत.

मामाने ट्रान्सफॉर्मरचा दांडा खाली घेतला. टोपी काढून त्याच्यावर अडकवली, वर्षभराने. दुसऱ्या वाटेला, जनरेटरच्या दांड्याला लावायला दुसरी टोपी नव्हती. तो दांडा मागच्या अंगाला जनरेटरच्या खोलीत आहे, पॅनलपासून दिसत नाही. जनरेटर बंद होता आणि सगळे पूजेत होते. टेस्टर पाटावर. पाने पाटावर. बॉयलर चालू असल्याने बॉयलरवाल्याची हत्यारं पूजेत आली नव्हती, त्याच्याकडून मामाने पाना आणला. साधा लोखंडी, मुठीला रबर नसलेला. पाना उसना मिळाला. कुलूप कुठून मिळणार?

इकडे शेडमध्ये पंखे थांबले. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की आपल्याच माणसाने लाइन तोडलीय. "लाइट गेली," एवढंच सगळे म्हणाले, मीसुद्धा. सोलापूरच्या माणसाला लाइट गेल्याचं कारण विचारायची सवय नाही. ऑक्टोबरची उष्णता, वर पत्रा, पोरं रडायला लागली. घाडगे साहेब तोवर पूजेला येऊन बसले होते. डाइंगच्या ब्रेकरवर मामा काय करतोय हे सगळ्या शेडमध्ये त्यांना एकट्याला माहीत होतं. मालकीणबाई पदराने वारा घेत होत्या. त्यांच्याकडे बघून साहेब म्हणाले, "अंबादास, जनरेटर टाक बे."

अंबादास मागांवरचा जुना जॉबर, म्हणजे मुकादम. सज्जन माणूस. तो उठून गेला. माझ्या शेजारून गेला.

त्याने नंतर मला सांगितलं, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवते, की दांडा टाकण्याआधी तो थांबला होता. "ताई, मी बघिटलो. तुमचं पत्रक म्हनतंय तसं बघिटलो. लाल कुलूप नव्हतं. म्हनून टाकलो."

पंखे फिरले. पोरं आनंदाने ओरडली. मी फोनमध्ये फोटो कसा आलाय बघत होते. मग भिंतीपलीकडे एक आवाज झाला, मोठं पिंप आपटल्यासारखा, आणि पंखे परत थांबले.

मी धावत गेले. पॅनलच्या खोलीत धूर होता आणि जळक्या तांब्याचा वास. मामा दाराशी बसला होता, भिंतीला टेकून, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून, दुसऱ्या कुणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे. भुवया नव्हत्या. शांतपणे विचारलं, "जनरेटर कुनी टाकला?" मी सांगितलं. म्हणाला, "त्याला काय बोलू नगा."

डावा हात भाजण्यावर निभावला. तो पाठीमागे होता. उजवा मनगटापासून काढावा लागला.

आठ दिवसांनी चौकशीचे अधिकारी आले. कारखान्याने आपला अहवाल आधीच तयार ठेवला होता. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: "सदर कामगाराने उपलब्ध असलेली सुरक्षा साधने न वापरता काम केले." प्रत्येक शब्द खरा आणि वाक्य पक्कं खोटं. साधने उपलब्ध होती, फुलांखाली. हे वाक्य कागदावर राहिलं असतं तर हात गेला तो मामाच्या बेपर्वाईने, असंच कायमचं ठरलं असतं. पुढे भरपाई, निवृत्ती, सगळीकडे तेच वाक्य त्याच्या पुढे चालणार. वीस वर्षांत ज्याच्या कामात कुणाला ओरखडा आला नाही त्याच्या नावावर बेपर्वा.

मी जबाब लिहायला बसले. कुलपं पूजेत कुणी ठेवायला लावली, मामा दारात आला तेव्हा मी काय करत होते, साहेबांनी कोणाला काय सांगितलं, सगळं. आमच्या गटातले एक वडीलधारे आहेत, मला पत्रक लिहायला त्यांनीच शिकवलं. ते वाचून म्हणाले, "साहेबांचं ठेव. तुझं काढ."

"का?"

"तुझं नाव आलं की ते बाकीचं वाचणारच नाहीत. उद्या कुठल्याही गेटवर आपल्याला उभं करणार नाहीत. एका माणसासाठी सगळी मोहीम घालवतेस."

"मोहीम कशासाठी होती?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. रागावले होते. अजून आहेत. त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मला आज म्हणवत नाही.

जबाब घेऊन मी मामाच्या घरी गेले. मामी भात कालवून त्याला भरवत होती. मी वाचून दाखवलं. मध्येच म्हणाला, "होगली बिडु. सोड ते. तुजं नाव कशाला घालतीस?"

"खरं आहे म्हणून."

"माजी चूक हाय यव्वा. मागाया पायजे हुतं. दारापातूर आलो की."

"मग मागितलं का नाहीस? देवाचं उचलू नये म्हणून?"

मामी हसली. पहिल्यांदाच. "ह्यांना कुठला देव? आमोशाला दाढी करत्यात."

मामा तिच्याकडे न बघता म्हणाला, "देवाचं न्हाय. तू येवडी हौसेनं मांडलीवतीस. मालकीन हळदकुकू लावालती, तू फटू काढालतीस. वर्सभर भांडून मिळवल्याली वस्तू. म्हन्लं, आजचा दिस राहू दे पोरीचं. अर्ध्या घंट्याचं काम." मग घास गिळून, "मागितलं असतं तर दिली असतीस की."

"दिली असती," मी म्हटलं.

हे मी जबाबात लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. मला खात्री नाही. मी स्वतःला पुरती ओळखते. मी म्हटलं असतं, दहा मिनिटं थांब मामा, फोटो होऊ दे. आणि तो थांबला असता, आणि मग कदाचित हात राहिला असता. त्याने विचारलं नाही आणि मीही नाही. दारात उभ्या असलेल्या वायरमनला कुठल्याही दिवशी "काय मामा" एवढंच विचारून परत फोनकडे बघायचं नसतं. सुरक्षेवर चार वर्षं पत्रकं लिहिणाऱ्या बाईला हे कुणी सांगायला लागू नये.

मी जबाब दिला, एक ओळ न काढता. अधिकारी म्हणाले, "यात तुमच्यावरच येतंय बरं का." म्हटलं, येऊ द्या.

आलं. मामाबद्दलचं वाक्य अहवालातून गेलं. त्याच्या जागी आलं: "बाह्य व्यक्तीच्या आग्रहावरून सुरक्षा साधने धार्मिक कार्यक्रमात ठेवण्यात आली होती." बाह्य व्यक्ती मी. कंत्राटदाराची, म्हणजे कारखान्याची कुणीच नाही. सबंध कारखान्यात दोनच कुलपं का होती, याबद्दल ओळ नाही. "काय वाटेल ते कर" नाही. जनरेटर टाकायला कोणी सांगितलं ते नाही. अंबादास मात्र आहे, "अनवधानाने". मोठ्या माणसांची नावं अशा कागदांत शिरतच नाहीत. तिथे शेवटी मोकळे सुटतात ते साहेबच.

कंत्राटदाराने मला हात जोडले, म्हणाला, माझी बाकीची कामं जातील. आता मी एका दुकानात पंखे आणि मिक्सर दुरुस्त करते. पॅनलसमोर उभी राहिले त्याला दोन वर्षं होत आली. तांब्याच्या पट्टीवर बोल्ट शेवटची आटी घेतो तेव्हा मनगटाला जे कळतं ते आठवून कधी कधी हात शिवशिवतो. मग मामाचं मनगट आठवतं आणि तेही थांबतं. तो डाव्या हाताने जेवायला शिकलाय. भरपाईचं प्रकरण चालू आहे. मी गेले की मामी चहा ठेवते, आणि आम्ही तिघेही कारखान्याचं नाव काढत नाही.

गेल्या महिन्यात अक्कलकोट रोडला बसची वाट बघत उभी होते. पंचविशीचा एक माणूस जवळ आला, खांद्याला पिशवी, त्यातून पान्याचं टोक बाहेर. म्हणाला, "तुमी त्या कुलूपवाल्या ताई न्हवं? आमच्या कपाटात तुमचं पिवळं पत्रक हाय चिकटवल्यालं." मामाच्या जागी तो लागला होता. त्याच कारखान्यात, त्याच पॅनलवर.

मी विचारलं, "कुलपं किती आहेत आता?"

"हायत की दोन. साहेबांच्या कपाटात असत्यात. अपघात झाल्यापासनं सांबाळून ठिवत्यात, सही केल्याबिगर देत न्हाईत."

"आणि साहेब जागेवर नसले तर?"

तो हसला. "तर काय, ब्रेकर थांबतोय व्हय?"

"तू थांब. कुलूप हातात येईपर्यंत पॅनल उघडू नकोस. कुणी ओरडलं तर ओरडू दे. मागायची लाज वाटू देऊ नकोस, कुणाच्या तोंडाकडे बघू नकोस. मिळालं नाही तर स्टूल घे आणि पॅनलसमोर बसून राहा."

त्याने ऐकून घेतलं. चांगला माणूस होता, मान हलवत ऐकत होता. बस आली तेव्हा पिशवी सावरून पायरीवर चढला आणि वळून, मला समजावल्यासारखं म्हणाला,

"बसू देत न्हाईत, ताई."